दत्ता वरच्या खोलीत का येईनासा झाला

सहा वर्षं मी हे लिहायचं टाळलं. या सदरातले अनुभव मी वाचतो, पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठी. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं. भुताखेतांवर विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. पण आता अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालीत, आणि यातली एक गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही... म्हणून लिहितो.

आमचं घर बनारसला, रामघाटाच्या वरच्या गल्लीत. पुढच्या बाजूला मी आणि पत्नी, मागच्या दोन खोल्यांत धाकटा भाऊ दत्ता. तो वेदपाठी, गल्लीतल्याच पाठशाळेत शिकवायचा. त्याची बायको लवकर गेली. एकुलती मुलगी मधुरा पायलट व्हायला निघालेली. तिचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग राहिलं होतं – म्हणजे बाहेरचं काही न दिसता नुसत्या काट्यांकडे बघून विमान चालवण्याची परवानगी. त्याचा लेखी पेपर वेगळा, विमानातली चाचणी वेगळी. फ्लाइंग स्कूल दुसऱ्या राज्यात. पहाटे उड्डाण, दुपारी पुस्तक उघडलं की डोळे मिटायचे. दोन्हीकडे अर्धं अर्धं होत होतं.

जानेवारीत धुक्यामुळे उड्डाणं बंद पडली, तशी ती पंधरा दिवस घरी आली. सकाळी मी तिला दिशा-वेगाची गणितं घालायचो. दुपारी ती वरच्या खोलीत स्टुलावर बसायची. भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर लावलेलं. विमान उतरवतेय असं समजून एकेक कृती मोठ्यानं म्हणायची – स्पीड, उंची, कंपास, मग कंपासशी जुळवून घ्यायचा दिशेचा काटा म्हणजे गायरो...

दत्ता पाट घेऊन दाराशी बसायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. पण पाठशाळेत विद्यार्थी चुकला की तो बरोबर शब्द सांगत नसे, पाटावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचा. म्हणजे दोन पदं मागे जा, चूक तुझी तूच शोध. इथेही तेच.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं मी चुकले ते?"

"कालपर्यंत 'कंपास'नंतर आणखी एक काहीतरी यायचं. आज आलं नाही. वेद काय, विमान काय, मधलं गाळलं की खाली."

ती हसत मागे जायची आणि चूक खरंच सापडायची.

मला ते बघवेना. माझ्या गणितांपुढे ती जांभया द्यायची, त्याच्यापुढे तासभर बसायची. एका संध्याकाळी दत्ताला अंगणात गाठलं.

"पेपर आठवड्यावर आलाय. उद्यापासून वर जाऊ नकोस."

"अण्णा, मी कुठे शिकवतो? नुसता ऐकतो."

"ती घोकत बसते तुझ्यापुढे. नापास झाली तर?"

"ठीक आहे. पोरीला काय सांगू?"

"ते मी बघतो."

काय बघितलं, तर तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "अण्णाकाका, बाबा नाराज आहेत का? वर येतच नाहीत." मी म्हणालो, "त्याला हे विमानाचं मनातून पटत नसावं. तू पेपरकडे ध्यान दे."

एवढंच. जाताना ती वडिलांच्या पाया पडली, पण बोलली नाही. दत्ताला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल.

पेपर ती पास झाली. मार्चमध्ये दत्ता हार्ट अटॅकनं गेला. तेरावं करून ती परतली, कारण चाचणी तोंडावर होती.

चाचणीच्या दिवशी सकाळी सव्वाअकराला मी वर्तमानपत्र वाचत होतो. पत्नी घाटावर गेलेली. वरच्या खोलीत ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. माकड शिरलं असेल म्हणून काठी घेऊन गेलो. दाराला बाहेरून कडी, खिडकीला जाळी धड. माकड नव्हतं. दत्ताचा पाट भिंतीला टेकवलेला, होता तसाच. खाली आलो आणि विसरायचं ठरवलं.

दुपारी मधुराचा फोन आला. पास झाली होती, पण आवाज वेगळा होता.

"काका, एक अजीब बात हुई. डोळ्यांवर हुड होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं. उतरायच्या आधी पॅनेलच्या मागून ठकठक झालं. दोनदा. सवयीनं मी दोन स्टेप मागे गेले, तर गायरो कंपासशी जुळवलाच नव्हता. तशीच गेले असते तर फेल."

"किती वाजले होते?"

"सव्वाअकरा असतील. का?"

"असंच विचारलं."

परीक्षकांनीही तो आवाज ऐकला होता. त्यांनी विमानाच्या वहीत नोंद केली, मेकॅनिकनं पॅनेल उघडलं. काही सैल सापडलं नाही.

"बाबा होते का हो, काका? पण ते तर नाराज होते ना माझ्यावर..."

मी म्हणालो, "इंजिनाची थरथर असेल."

माझ्या घरातला आवाज सुकलेल्या लाकडाचा म्हणता येईल, तिच्या विमानातला यंत्राचा. पण दोन्ही एकाच वेळी कसे, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मी ऐकलेल्या आवाजाबद्दल तिला कधी सांगितलंही नाही. ते सांगायचं तर दत्ता वर का येईनासा झाला, तेही सांगावं लागलं असतं.

गेल्या दिवाळीत ती आली होती. आता एअरलाइनमध्ये आहे. मनाशी पक्कं करून मी तिला गच्चीवर बोलावलं आणि सुरुवात केली, "मधुरा, तुझे बाबा त्या वेळी..."

"जाऊ द्या ना, काका," ती म्हणाली. "नव्हतं पटलं त्यांना. मी केव्हाच माफ केलंय बाबांना."

मी विचारलं, "चहा घेतेस ना?"