शुक्रवारी पास झालेला मुरूम

"फेल," बर्वे सर म्हणाले आणि कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरला. मी सगळे आकडे पुन्हा टाकले. पुन्हा फेलच आलं.

सलीमभाईंनी रोलरच्या सीटवरून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांना कळलं. त्यांनी रोलर वळवला आणि आणखी जोरात दाबायला सुरुवात केली.

ही साइट सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतली. एका गोडाऊनचं आवार तयार करायचं होतं. उद्या तिथे भरलेले ट्रक उभे राहणार, म्हणून खालची जमीन पक्की हवी. मूळ जमीन काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यात चुना मिसळून तिचा हट्ट आधी कमी केला होता. त्यावर मुरमाचे थर. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबायचा आणि तो पास झाला तरच पुढचा टाकायचा. पाण्याचंही भाकरीच्या पिठासारखं असतं. कमी पडलं तर नीट बसत नाही, जास्त झालं तर चिकचिक.

मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंटर्न म्हणून तिथे होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे साइटवर कोणाला काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे सांगणारं घरी कोणी नाही. पप्पा नाशिकच्या इंदिरानगरमध्ये रिक्षा चालवतात. संध्याकाळी ते आवर्जून विचारतात.

"आज काय केलं?"

"खड्डा खणला. वाळूने भरला."

"मग?"

"मग वाळू परत काढून घेतली."

"आणि याला चार वर्षं लागतात?"

पण टेस्ट खरंच तशीच असते. दाबलेल्या थरात छोटा गोल खड्डा करायचा. निघालेला मुरूम तोलायचा. मग त्याच खड्ड्यात एका नळकांड्यातून कोरडी, चाळलेली वाळू सोडायची. किती वाळू गेली त्यावरून खड्डा केवढा होता ते कळतं. एवढ्या जागेत एवढा मुरूम, म्हणजे थर किती घट्ट, याचा हिशेब लागतो. मुरमातला ओलावा वजा करायचा आणि लॅबमध्ये आलेल्या आकड्याशी ताडून पाहायचं. घट्टपणा कमी भरला की फेल.

खालचे थर सहज पास झाले होते. वरचा मात्र होत नव्हता. माल तोच, पाणी बरोबर, रोलर तोच. दर वेळी बर्वे सर म्हणायचे, "फेऱ्या वाढवा." सलीमभाई वाढवायचे. तरी फेल.

बर्वे सर कन्सल्टंटचे इंजिनिअर, म्हणजे आमचं काम तपासणारे. कमी बोलतात, पण बोलले की तसंच करतात. गुरुवारी ते आमच्या साइट इन्चार्ज निकम सरांना म्हणाले, "शनिवारी शेवटचं बघतो. नाही झालं तर दुसरा रोलर आणा. या मशिनमध्ये दम नाही."

रोलर सलीमभाईंचा स्वतःचा. चालवतातही तेच, पुसतातही तेच. त्यांनी ते ऐकलं होतं. मला म्हणाले, "बेटा, मशिन काढलं ना, तर लोक मशिनला नाय नावं ठेवत. म्हणतात, सलीमला दाबता येत नाय. मग नाशिकपर्यंत कोण बोलवंल?"

मी "होईल पास" म्हणाले. ते हसले. "तू दे ना मग पास करून."

"तसं करता येत नाही, भाई."

"माहितीये. गंमत केली."

शुक्रवारी दुपारी बर्वे सर न सांगता आले. निकम सरांचा चेहरा पडला. आमच्या साइटवर एक अलिखित नियम आहे, बहुतेक सगळ्याच साइटवर असावा. कन्सल्टंटची गाडी गेटमधून आत आली की एकही मशिन बंद दिसता कामा नये. बंद मशिन म्हणजे आळशी साइट. आणि रोलर तर बंद होता. सलीमभाई जुम्म्याच्या नमाजला गेले होते.

"आता येईलच तो, सर," निकम सर म्हणाले.

"येऊ दे. आपण टेस्ट करू. साळवे, सामान आण."

मी खड्डा केला, मुरूम तोलला, नळकांडं ठेवून झडप उघडली. आणि आतली वाळू पडताना बारीक सळसळ ऐकू आली. हा आवाज कॉलेजच्या लॅबमध्ये मी कितीदा ऐकला होता. साइटवर या थराच्या वेळी एकदाही ऐकला नव्हता. मी झडप बंद केली, वजन केलं, हिशेब केला.

पास.

बर्वे सरांनी स्वतः आकडे तपासले. आनंद काही दिसला नाही. "काल इथून दोन हातांवर फेल होतं. एका रात्रीत मुरूम कडक झाला का? जागा कोणी निवडली?"

"तुम्हीच, सर," मी म्हणाले.

"हं. उद्या बघू."

सर गेले. माझ्या डोक्यातून मात्र ती सळसळ जाईना. काल आवाज का आला नाही? कारण शेजारी रोलर चालू होता. आमचा रोलर व्हायब्रेटरी, म्हणजे वजनाबरोबर थरथराट देऊन दाबणारा. खालच्या थरांच्या वेळी आवार मोकळं होतं आणि तो पार दुसऱ्या टोकाला फिरायचा. आता अर्ध्या आवारात शेडचं काम सुरू झालं होतं, त्यामुळे तो आमच्या पाठीशीच घोंघावायचा. डब्यात रवा भरताना डबा आपटला की रवा खाली बसतो आणि आणखी मावतो. आमच्या खड्ड्यात वाळूचं तेच होत असणार. वाळू जास्त गेली की खड्डा मोठा वाटणार. खड्डा मोठा वाटला की मुरूम सैल वाटणार.

शनिवारी सकाळी मी निकम सरांसमोर उभी राहिले. दोनदा घसा साफ केला.

"सर, मला वाटतं... म्हणजे कदाचित..."

"साळवे, नऊच्या आत वाक्य पूर्ण होईल का?"

मी एका दमात सांगितलं.

"म्हणजे मी मशिन चालू ठेवायला सांगतो, म्हणून फेल येतंय?"

"तुमच्यामुळे नाही सर. रोलरमुळे."

"रोलरला कोण सांगतं?"

त्यांनी रोलरकडे पाहिलं.

"बर्वेंना तूच सांग," ते म्हणाले. "माझ्या तोंडून बहाणा वाटेल."

बर्वे सरांनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द बोलले. "दाखव."

आमच्याकडे वाळू तपासायचा एक लोखंडी डबा असतो. त्याचं माप ठरलेलं. मी सलीमभाईंना रोलर बंद करायला सांगितलं, डबा वाळूने भरला, वरून सपाट केला, तोलला. मग डबा रिकामा केला आणि रोलर शेजारून चालवायला सांगितला. पुन्हा तशीच वाळू सोडली. पुन्हा सपाट केला, तोलला.

डबा तोच. वाळू जास्त.

"परत," बर्वे सर म्हणाले. परत तेच झालं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीसुद्धा इतके दिवस इथेच उभा होतो," ते निकम सरांना म्हणाले. निकम सर शेडच्या पत्र्यांकडे पाहत होते.

सलीमभाई खाली उतरले. "म्हणजे मी जेवढी मेहनत दाखवली, तेवढा नापास झालो?"

"शेजारी दाखवली म्हणून, भाई."

"आणि नमाजला गेलो तर पास! अल्ला बरोबर सांगत होता, मीच ऐकत नव्हतो."

बर्वे सरसुद्धा हसले. मग रोलर बंद ठेवून आम्ही आवारभर टेस्ट घेतल्या. मधे पास, शेडच्या बाजूला पास, मागे पास. प्रत्येक वेळी सलीमभाई मागे हात बांधून माझ्या पाठीशी उभे. शेवटची जागा बर्वे सरांनी गेटजवळच्या कोपऱ्यात निवडली. वाळू शांतपणे पडली. मी वजन केलं, हिशेब केला, पुन्हा केला.

फेल.

रोलर आता बंदच होता, त्यामुळे नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. मला वाटलं, सगळं पाण्यात गेलं.

सलीमभाई पुढे आले. टाचेने मुरूम दाबून पाहिला. टाच रुतली. पाण्याचा टँकर रोज तिथेच उभा राहायचा आणि त्याचा नळ गळायचा.

"हा माझा," ते म्हणाले. "इथं ओलं होतं, मला कळत होतं. घाईत तसंच दाबलं. हे मान्य. बाकीचं नव्हतं मान्य."

बर्वे सरांनी आकडा वहीत लिहून घेतला. "कोपरा उकरा, वाळवा, परत दाबा," ते निकम सरांना म्हणाले. "याच रोलरने."

कोपरा दोन दिवस उन्हात वाळवला. मग दाबला आणि पास झाला. टँकर आता रस्त्यावर उभा राहतो. टेस्ट चालू असली की रोलर बंद, आणि गेटमधून कोणाचीही गाडी आली तरी तो बंदच. निकम सरांना ते बघवत नाही, म्हणून तेवढा वेळ ते ऑफिसमध्ये जाऊन बसतात.

मी एवढंच शिकले. फेल आलं की आधी मोजणाऱ्याच्या आजूबाजूला काय चाललंय ते बघावं. आणि तरीही फेल आलं, तर टाच दाबून बघावी.