बारा नंबरची गरी

“भाऊ, आज गाडी नोको आणू,” एवढंच बाई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मंगळवार होता. मंगळवार आणि शुक्रवार हे मनोहर जिजाजींच्या डायलिसिसचे दिवस. मी चप्पल घालून, किल्ली हातात घेऊन निघण्याच्या तयारीत होतो. खोटं कशाला बोलू, मला लगेच रडू आलं नाही. आधी पाठ दुखतेय हे जाणवलं, मग मनात आलं की आज गोंदियाला जायचं नाही, आणि त्यानंतर केव्हातरी कळलं की जिजाजी गेले… पहाटे झोपेतच गेले होते. बाई त्यांना उठवायला गेली तेव्हा अंग थंड पडलं होतं. किल्ली खिळ्याला अडकवून मी तिथेच पायरीवर बसलो. शेवटी बायकोने हाताला धरून उठवलं आणि आम्ही दोघं बाईकडे निघालो.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण शांता. तिचं घर तिरोडा तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या गावात. मनोहर जिजाजी तिचे यजमान. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये त्यांनी फिटर म्हणून नोकरी केली, पण मनाने ते नदीवरचेच. सुट्टीच्या दिवशी बांबूची काठी, कणकेचा गोळा आणि पत्र्याची एक डबी घेऊन सकाळी जे जात ते दुपारीच परत येत. मी एसटीत ड्रायव्हर होतो. सुट्टीच्या दिवशी मला खाट दिसायची, त्यांना नदी. त्यावरून आमची थट्टा चालायची. “साळेसाहेब, तुमी झोपा, मासे त जागेच हायेत,” असं म्हणून ते सायकलवर टांग टाकायचे. पुढे पुढे मीही त्यांच्यासोबत जाऊन बसायला लागलो. मासे धरायची हौस म्हणून नाही, घरी कोणी काम सांगू नये म्हणून.

आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. गरीच्या बाबतीत जिजाजी फार चिकित्सक. पहिल्यांदा मी गोंदियाहून त्यांच्यासाठी हौसेने गऱ्या आणल्या होत्या. मोठा मासा हवा तर मोठी गरी हवी, हा माझा सरळ हिशेब. त्यांनी पुडी उघडून एक गरी बोटावर अडकवली आणि म्हणाले, “हिनं मासा नाही, बकरा टांगता येते.” पुढच्या वेळी त्यांनी बारा नंबरची सांगितली, तर दुकानात ती इवलीशी निघाली. नंबर वाढतो तशी गरी लहान होते, हे मला कुठे ठाऊक! मला वाटलं, दुकानदार फसवतोय. मी त्याच्याशी भांडून पुन्हा मोठीच घेऊन आलो. ही गोष्ट जिजाजींनी माझ्या प्रत्येक जावयाला, व्याह्याला आणि एकदा तर माझ्या डेपो मॅनेजरलाही सांगितली.

रोहूचं तोंड लहान, खालच्या बाजूला, ओठ मऊ. तो कणकेची गोळी गिळत नाही, ओढून चाखतो, आणि लोखंड लागलं की थुंकून मोकळा होतो. म्हणून गरी लहान पाहिजे. पण एकदा अडकला की सगळ्या अंगाचं वजन घेऊन धारेत पळतो, म्हणून गरीची तार मजबूत पाहिजे. लहान आणि मजबूत अशी गरी पुडीत कमीच निघते. जिजाजी दुकानातच एकेक गरी घ्यायचे, काउंटरच्या लाकडात टोक रुतवायचे आणि चिमट्याने ओढायचे. जी सरळ झाली ती कच्ची, जी तुटली ती जास्त तापवलेली. जी थोडी उघडून पुन्हा जागेवर आली, ती डबीत. “भैया, लेना है तो लो, मेरा काउंटर क्यों खोद रहे हो,” असं दुकानदार ओरडायचा आणि जिजाजी शांतपणे पुढची गरी घ्यायचे. मी दुकानाबाहेर, ओळख नसल्यासारखा उभा.

या गऱ्यांना धागा ओवायला भोक नसे. दांडीचं टोक नुसतं चपटं ठोकलेलं. त्या चपट्या टोकाखाली नायलॉनच्या धाग्याचे शेजारी शेजारी वेढे घालायचे, थुंकी लावायची आणि गाठ आवळायची. एक वेढा दुसऱ्यावर चढला की मासा गाठीसकट गरी घेऊन जातो. हे काम ते अंगणात बसून करायचे. बाई समोर तांदूळ निवडत बसलेली. तिला माशाचा वास सहन होत नसे आणि त्या डबीला तर ती बोट लावत नसे.

मग किडन्या गेल्या. साखर जुनी होती, औषधं मनाला येईल तेव्हा घेतलेली, दुसरं काय होणार! मुलगा दूर नोकरीला, त्यामुळे गोंदियाच्या खेपा माझ्याकडे आल्या. सगळी नोकरी स्टिअरिंग फिरवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर पुन्हा तेच. सकाळी निघायचं, त्यांना मशीनला लावायचं, बाहेरच्या बाकावर पेंगायचं, कँटीनचा तो गोड पाक चहा म्हणून प्यायचा, आणि दुपारी पिळून काढलेल्या माणसाला घरी आणायचं. पहिल्या दिवशी हातात टोचायची जाड सुई पाहून ते तिथल्या मुलीला म्हणाले, “बेटा, मासा लहान हाये न, गरी काऊन एवढी मोठी?” ती पोरगी हसून हसून बेजार. नंतर काही महिन्यांनी ते थट्टा करेनासे झाले. तिचंही हसणं थांबलं. सुई टोचताना ते भिंतीकडे पाहायचे.

हिवाळ्यात एका गुरुवारी त्यांनी जाहीर केलं, उद्यापासून गोंदिया बंद. बाईने मला बोलावलं. “तुयं आयकतेत ते. जाऊन सांग,” म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. डायलिसिस थांबवलं तर फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. जिजाजी नदीवर होते. मी शेजारी जाऊन बसलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण तोंडात येईना. ते डबीतल्या गऱ्या तळहातावर घेऊन एक निवडत होते.

“बाईनं धाडलं न?” त्यांनीच विचारलं.

“हो.”

“तू थकला नाही का रे?”

“थकलो,” मी म्हणालो. “पण मी गाडी चालवून थकलो. मरायची घाई मले नाही.”

ते हसले. मग त्यांनी एक गरी निवडली, धाग्याचे वेढे घातले, थुंकी लावून गाठ आवळली आणि ती माझ्यासमोर धरली. “आयक. जवर ह्या बोटाईनं हे गाठ होते, तवर मी गोंदियाले येतो. ज्या दिवशी नाही झाली, त्या दिवशी तू गाडी काढायची नाही. आन् बाईले तूच समजवायचं.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन बाईला शब्द न् शब्द सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि चुलीकडे वळली.

पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांची बोटं बधिर व्हायला लागली. शर्टाचं बटण लावता येईना, चहाची कपबशी थरथरायची. आता केव्हाही ते बस म्हणतील, म्हणून मी मनाची तयारी करत होतो. पण बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “गोंदियाहून बारा नंबरच्या गऱ्या आन. आन् तो पातळ धागा. त्याइले सांगू नोको.” मी आणून दिल्या. जिजाजी दुपारी झोपले की ती चष्मा लावून मागच्या पडवीत बसायची. जन्मभर समोर बसून पाहिलेलं काम, पण हात पहिल्यांदाच लागत होता. बोटांना गऱ्या टोचल्या, रक्त निघालं, वेढे एकमेकांवर चढले. हळूहळू जमलं. बांधलेल्या गऱ्या ती डबीत त्यांच्या गऱ्यांमध्ये मिसळून ठेवायची. आपणच केव्हातरी बांधून ठेवल्या असतील असं त्यांना वाटावं, ही तिची चलाखी. आणि खरंच, डबी रिकामी होईना आणि जिजाजी मुकाट्याने गाडीत बसत राहिले. काठावर नेलं की डबीतली बांधलेली गरी काढायचे, मी ती काठीच्या धाग्याला जोडून द्यायचो. मासा कधी लागायचा, कधी नाही. बाई मला म्हणाली, “पाहा, त्याइले जगायचं हाये अजून.”

एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी काचेला डोकं टेकवलेलं होतं. झोपले असतील म्हणून मी गाडी सावकाश चालवत होतो. डोळे न उघडताच ते म्हणाले, “तुयी बहीन डावखुरी हाये न?”

मी समोर रस्त्याकडे पाहत गिअर बदलला.

“गाठीचे वेढे उलटे फिरते. मायी गाठ उजवीकडं, हे डावीकडं.” “मायी बोटं कवाचीच गेली रे… पण तिले बोलू नोको. बिचारीनं बोटाची चाळन करून घेतली मायासाठी. तिले मी पाहिजे हाये त जाऊ आपन गोंदियाले.”

तेव्हापासून मी दोघांचं गुपित घेऊन गाडी चालवत होतो. गाठीवर ठरलेली मुदत संपली होती, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. मंगळवार-शुक्रवार आला की मी गाडी काढायचो आणि ते दंड पुढे करायचे. सुईच्या जागा सुजून गाठीगाठी झाल्या होत्या. पावसाळा गेला, धान कापणीला आलं, आणि तो मंगळवार आला.

तेरवी होऊन पाहुणे पांगल्यावर मी बाईकडे गेलो. ती पडवीत बसली होती. समोर डबी होती. मी टेकलो तशी ती म्हणाली, “एक खरं सांगसीन? मी गऱ्या बांधून राहिली होती, ते त्याइले मालूम होतं का रे?”

हा प्रश्न कधीतरी येणार, हे मला माहीत होतं. नाही म्हणणं सोपं होतं. पण माझ्यात आता काहीच सांभाळून ठेवायची ताकद उरली नव्हती. मी गाडीतलं सगळं बोलणं सांगितलं. उलटे वेढे, तिले बोलू नोको, सगळं. वाटलं होतं, ती रडेल. नवऱ्याने आपल्यासाठी एवढं सोसलं, हे ऐकून बाईमाणसाला बरंच वाटेल, असंही मनात होतं.

तिने डबीचं झाकण लावलं. “मंग थांबले काऊन नाही?” म्हणाली. “भाऊ, मी बी थकली होती रे. त्याइचे हाल पाहवत नव्हते. मी डबी भरून ठेवो न् रोज वाट पाहो, का आज तरी म्हनतीन, शांता, बस झालं… त्याइले जगायचं हाये असं वाटे म्हनूनच त मी बांधून राहिली होती.”

आतापर्यंत मी एकट्या जिजाजींसाठी हळहळत होतो. त्या घरात दोन माणसं एकमेकांना ओढत होती आणि दोघांचेही हात कधीचे सुटायला आले होते, हे मला तिथे पडवीत कळलं. त्या मंगळवारी रडलो नव्हतो तेवढा मी तिथे रडलो. बाईच मला समजावायला लागली.

मग ती उठून पाणी घेऊन आली. स्टीलचा इवलासा पेला होता. डॉक्टरांनी जिजाजींना दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं, त्यासाठी घेतलेला. दोन घोटांत संपला. मी म्हणालो, “बाई, मोठा गिलास दे न आता.” तिने फडताळाकडे पाहिलं. मोठे गिलास तिथेच, एकावर एक रचलेले होते. “हात तिकडं जातच नाही,” ती म्हणाली आणि तोच पेला पुन्हा भरून आणायला आत गेली.