कमी काळजीचा चतुर

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तलासरीहून चारोटी गाठते आणि तिथून डहाणूची गाडी धरते. पण सरळ घरी जाईन तर ती मी कसली. आशागडच्या अलीकडे एका पाड्यापाशी उतरायचं आणि तळ्याकाठी बसून राहायचं, ही माझी जुनी खोड. घरचे म्हणतात, बाईंची समाधी लागली.

दोष त्या लाल चतुराचा. पाण्यातल्या वाळक्या काडीवर तो पंख पुढे झुकवून बसतो. उडतो, हवेतच एखादं चिलट टिपतो, पुन्हा त्याच काडीवर. त्याच्या पंखांतून पलीकडचं पाणी दिसतं. बघता बघता माझं वय, तपासायच्या वह्या, सगळं पातळ होत जातं. मग एखादी म्हैस तळ्यात शिरते आणि मी भानावर येते.

मागच्या वर्षी या पाड्याच्या गावातल्या सजीवांची नोंदवही करायचं काम, तळ्याकाठी नेहमी बसते म्हणून, माझ्याकडे आलं. मी हौसेनं रकाने भरले. नाव, लाल चतुर. आढळ, अरबस्तानापासून थेट जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत. स्थितीच्या रकान्यात, कोणता जीव किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जगाच्या यादीतला इंग्रजी शब्द होता, ‘लीस्ट कन्सर्न’. तो मी मराठीत आणला, ‘कमी काळजीचा’. स्वतःवरच खूश झाले होते.

पुढे तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करावी, असं निघालं. ग्रामसभेत एकानं माझीच वही उघडली. इथे काळजीसारखं काही नाही, असं बाईंनीच लिहिलंय, म्हणाला. माझं अक्षर सुवाच्य, सगळ्यांना वाचता आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती काळजी साऱ्या जगाची धरून आहे, या एका तळ्याची नव्हे, हे सांगताना माझा आवाज चढला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

मागून एक म्हातारी उठली. तिच्या मिरचीच्या वाफ्यांना पाणी त्याच तळ्याचं.

"बाई, मी कंच्या रकान्यात हाय?"

मी वही चाळली. खेकडे होते, बगळे होते, कमळाची पानं होती. ती नव्हती. या पाण्यावर कोण कोण जगतं ते लिहायला बसलेली मी, तिला दर शनिवारी वाफ्यात बघत होते.

चतुराच्या खालच्या ओळीत मी तिचं नाव लिहिलं. स्थितीपाशी पेन थांबलं, तेव्हा तिलाच विचारलं.

"लिव," ती म्हणाली, "अजून हाय."