रेतीसारखी लागलेली साखर

डॉ. यशवंतराव वाघोटणकर यांच्या मुलुंडच्या दवाखान्यात मी प्रथम गेले ती नोकरी मागायला. हातात नवी पदवी, डोक्यात हवा. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मधुमेहाचा रोगी म्हणाला, मी दुसरं काही औषध घेत नाही. पुढे काय विचाराल?"

"काही नाही. घेत नाही म्हणाला ना!"

डॉक्टरसाहेब हसले. "अहो, आपल्याकडे कारल्याचा रस कुणी औषधात धरत नाही. मेथी नाही, जांभळाच्या बियांची पूडही नाही. म्हणून विचारायचं, सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?" त्या दिवसापासून मी त्यांची साहाय्यक आहे.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने माझ्याकडे चार गोड शब्द मागितले. गोड शब्द माझ्यापाशी नाहीत. मी तापट बाई आहे, हे अर्ध्या मुलुंडला ठाऊक आहे. डॉक्टरसाहेबांविषयीचा माझा आदर आणि बाकीच्यांविषयीचा संताप, दोन्ही एकाच प्रसंगातले आहेत. तो सांगते.

मला लहानाचे मोठे केले ते माझ्या विधवा आत्याने. ती दिरांच्या घरी राहत असे. दीर म्हणजे नानासाहेब, कचेरीतून निवृत्त झालेले, शब्दाला मान असलेले गृहस्थ. आत्याला डॉक्टरसाहेबांनी इन्शुलिन सुरू केले होते आणि रोज सकाळी सुई मीच टोचत असे. एके दिवशी सुई देऊन मी दवाखान्यात पोचले, रोगी तपासू लागले, तोच घरून बोलावणे आले. आम्ही दोघे धावलो. आत्या घामाने निथळत होती, हात थरथरत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर फार उतरली होती. डॉक्टरसाहेबांनी साखर मागितली, तर नानासाहेब स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे!

"मधुमेहाच्या बाईला साखर? वहिनींना मारायचंय का तुम्हाला? सुई वाढवा सुई!"

एरवी मुंगीलाही न दुखावणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना सरळ बाजूला सारले आणि साखर आणून आत्याच्या तोंडात घातली. तिने ती थुंकली. "रेती काय घालताय तोंडात!"

मला वाटले, भ्रम झाला. डॉक्टरसाहेब मात्र नानासाहेबांकडे वळले. "गुडमारचा पाला कुणी आणला?"

हा पाला चघळला की जिभेची गोडाची चव काही वेळ मरते, आणि रक्तातली साखरही उतरते. नानासाहेब आढ्याकडे पाहू लागले. पाला त्यांनीच गावाहून मागवला होता आणि "डॉक्टरला बोलू नका, उगाच हसतील" अशी आत्याला ताकीदही दिली होती. तोंडाला चव नाही म्हणून तिने सकाळचे खाणे टाकले होते. वर पाला, वर सुई. बघता बघता तिची शुद्ध गेली. डॉक्टरसाहेबांनी शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

मी नानासाहेबांवर तुटून पडणार होते. डॉक्टरसाहेबांनी मला थांबवले आणि त्या गृहस्थांना खुर्चीवर बसवून शांतपणे म्हणाले, "नानासाहेब, पाला खोटा असता तर मी हसलो असतो. तो लागू पडतो, म्हणूनच मला कळायला हवा. सांगितलं असतंत तर मी सुई कमी केली असती." इतके साधे! आणि इतके साधे या माणसांच्या गळी उतरत नाही. घरात काढा उकळतो त्याचा वास शेजाऱ्यांना येतो, पण डॉक्टरांना पत्ता नाही.

पुढचे ऐका. "वाघोटणकरांच्या सुईने वहिनी जातच होत्या, मी होतो म्हणून वाचल्या," असे नानासाहेबांनी घाटकोपरपर्यंत पसरवले. दवाखाना ओस पडला. काहींनी भिऊन इन्शुलिनच सोडले. डॉक्टरसाहेब त्यांच्या दारोदार जाऊन विनवण्या करीत होते आणि शिव्या खात होते. मी म्हटले, "खरं सांगून टाका ना एकदाचं!" ते म्हणाले, "तुमच्या आत्यांना त्याच घरात राहायचंय." बस. पुन्हा विषय नाही. असल्या चांगुलपणाचाही मला राग येतो.

आता तर मधुमेहावर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत. गोळीवर काढा, काढ्यावर गोळी, आणि विचारले तर "काही नाही हो डॉक्टर!" आणि या गौरवसमितीत कोण? नानासाहेब! "जरा सौम्य लिहा" असे मला सांगायलाही तेच आले होते. जनाची नाही तर मनाची तरी! नानासाहेब, छापा आता.

हा मजकूर मी आत्याला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला आणि म्हणाली, "माझं नाव का गाळलंस गं? द्वारकाबाई म्हणून घाल. पाला मी चघळला, गप्प मी बसले, आणि बोल लागला त्या देवमाणसाला."

डॉक्टरसाहेब, काल आत्या आपली ट्रंक घेऊन माझ्या बिऱ्हाडी राहायला आली आहे. आता तुम्हाला कुणासाठी गप्प राहण्याचे कारण उरलेले नाही. हातीपायी धडधाकट राहा, खूप जगा, आणि यापुढे कुणाचे पाप स्वतःच्या माथी घेऊ नका.