धाकूच्या पेटीतलं पाणी

धाकूचा जन्म आगरवाड्याच्या मिठागरात गेला. टाचांच्या भेगांत मीठ इतकं मुरलेलं, की बायको यशोदा हयात असताना म्हणायची, "ह्यांचे पाय धुतलेलं पाणी कढीत घातलं तर वेगळं मीठ नको." काम तसं साधं, पण कंबरडं मोडणारं. बांधातल्या दाराची, म्हणजे मानशीची, फळी उचलून खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं. ऊन-वाऱ्याने ते आटलं की फळी उचलून पुन्हा घ्यायचं. असं घेत राहायचं, घेत राहायचं, शेवटी तळाशी मीठ धरायचं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. मग एका पावसाळ्यात बांध फुटला, तो बांधायला मजूर मिळेनात, आणि आगराचं डबकं झालं. त्याच वर्षी यशोदा गेली. मुलगी तारा त्याला मांद्र्याला आपल्या घरी घेऊन आली.

ही तारा गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी जन्मलेली, एकुलती एक. तिचा नवरा गौरेश समुद्राजवळ चार खोल्यांचं गेस्टहाऊस चालवायचा. माणूस सोन्यासारखा. दोष म्हणाल तर एकच: धाकूने झाडू उचलला की तो काढून घ्यायचा. नारळ सोलायला बसला की कोयता काढून घ्यायचा. "मामानू, जलमभर राबलात. आता आराम करा!" दोन वर्षं आराम करून करून म्हातारा पार जाम झाला. कुणाला सांगणार? सुखात खुपतंय म्हटलं तर लोक हसतील. पण जेवायला बसला की घास फुकटचा वाटायचा, आणि तो दुसऱ्यांदा भात घ्यायचा नाही.

त्यात गौरेशच्या डोक्यात खूळ शिरलं. पाहुण्यांच्या खोल्यांसमोर खाऱ्या पाण्याची माशांची पेटी ठेवायची! म्हापशाच्या दुकानातून काचेची पेटी आली, पंप आला, दिवा आला, भोकाभोकांचे दगड आले. पाणी होडीवाल्याकडून आत खोलातलं आणलं. आणि मासे? मासे नाहीत. दुकानदार म्हणाला होता, महिनाभर पाणी नुसतंच चालू ठेवा, दगडांत बारीक जीव वाढतात, ते घाण खातात, मग मासे सोडा. शेजारीपाजारी येऊन रिकामं पाणी बघून जायचे आणि गालातल्या गालात हसायचे. ताराही हैराण होऊन शेजारणीला म्हणाली, "ह्यां कसला गो? मासे नसलेला हुमण, नुसती आमटी!"

एकटा धाकू मान डोलवायचा. पाणी पिकावं लागतं हे त्याला कोण शिकवणार? जावयाने ते ओळखलं. पहिल्यांदाच त्याने हातातलं काम काढून घेतलं नाही, उलट दिलं. "मामानू, सीझन सुरू झालो, माका वेळ ना. पेटी तुमच्याकडे. पाणी कमी झाला की भरत रवा." खारेपणा मोजायची एक प्लास्टिकची डबीही त्याने पुढे केली. "ह्यां माका कित्याक?" धाकू म्हणाला. "माजी जीभ मेली काय?" डबी कपाटात गेली. त्या दिवशी धाकूने दुसऱ्यांदा भात घेतला.

तुळशीचं लग्न झालं आणि दोन क्लाउन फिश आले. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, लांबी बोटाएवढी. धाकूला मासा माहीत तो ताटातला. आता चिमूटभर दाणे टाकून तो तासन् तास समोर बसू लागला. हे झोपतात कधी? एक दुसऱ्याच्या मागेच का फिरतो? काचेवर तपकिरी घाण आली, ती आजाराची की चांगली? त्याला काही म्हणजे काही उमगत नव्हतं. पण काम मन लावून चाललं होतं. पेटीला हवा लागावी म्हणून त्याने वरचं झाकण काढून ठेवलं. वारा खेळावा म्हणून पेटी सरकवून खिडकीशी लावली. रोज पाणी बोटभर उतरायचं, आणि दर दिवसाआड म्हातारा कॅन घेऊन समुद्रावर, कमरेएवढ्या पाण्यात शिरून स्वच्छ पाणी आणून भरायचा. समुद्राचा मासा, समुद्राचं पाणी. त्यात चाखून काय बघायचं?

नाताळच्या सुमारास माशांनी दाणे खायचं सोडलं. पंख अंगाशी आवळून ते कोपऱ्यात पडून राहू लागले. धाकूचा जीव थाऱ्यावर राहीना. त्याने दाणे बदलले, दिवा कमी केला, आणि पाणी शिळं झालं असेल म्हणून ताज्या समुद्राचे आणखी दोन कॅन आणले. ताराने मीठ-मिरच्या ओवाळून पेटीची दिष्ट काढली, मिरच्यांचा खकाणा उठून पाहुणे खोकत बाहेर आले. मासे होते तिथेच. बुधवारी त्यातला एक उताणा तरंगला.

"म्हाताऱ्याच्या हाताक यश ना गो," धाकू ताराला म्हणाला आणि पदराआड बसल्यासारखा पंच्यात तोंड घालून बसला. गौरेश चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जावंदे मामानू. आयतारी पेटी रिकामी करतंय, उरलेलो मासो दुकानात परत देतंय. तुम्ही आराम करा." आराम! तो शब्द धाकूच्या काळजात काट्यासारखा रुतला.

शनिवारी सकाळी, दुसऱ्याच्या हाती द्यायची वस्तू स्वच्छ तरी असावी म्हणून, त्याने पेटी पुसायला घेतली. काचेच्या वरच्या कडेला पांढरं काहीतरी धरलं होतं. फडक्याने जाईना. नखाने खरवडलं. चिमटीत चुरलं. आणि चिमूट तशीच राहिली. हा कण त्याच्या बोटांच्या ओळखीचा होता. त्याने जिभेवर ठेवला. मग बोट पेटीत बुडवून पाणी चाखलं, आणि कपाळावर हात मारून घेतला.

अरे देवा! पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वर पुन्हा खारं पाणी, पुन्हा मीठ. झाकण काढलं, वारा दिला, फळी उचलत राहिला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! जावयाने मासे सांभाळायला दिले होते आणि हा महिनाभर मीठ पिकवत बसला होता. जगात दुसऱ्या कुणाकडून झाली नसती ती चूक त्याच्याकडून झाली, कारण दुसऱ्या कुणाला हे काम इतकं चांगलं येतच नव्हतं.

उपाय तर समोर होता. विहीर दारातच. गोडं पाणी.

धाकूने पेला भरून आणला आणि पेटीवर धरला. पण हात वाकेना. गोडं पाणी म्हणजे आगराचा वैरी. एका एप्रिलात अवेळी पाऊस कोसळला होता, तयार मीठ डोळ्यांदेखत विरघळलं, आणि यशोदा बांधावर उभी राहून ढगांना शिव्या देत रडली होती. आगरात कुणी गोड्या पाण्याची कळशी घेऊन आलं तरी तो अंगावर धावून जायचा. आता आपल्याच हाताने? आत तो एकटा मासा कोपऱ्यात पडून कल्ले हलवत होता.

"यशोदे, माफ कर गो," तो म्हणाला आणि पेला वाकवला.

एकदम ओतलं तर मासा दचकेल, एवढं त्याला पाण्याच्या स्वभावावरून कळत होतं. पेटीतलं खारं पाणी थोडं काढायचं, गोडं थोडं घालायचं, मग थांबायचं, चाखायचं. दिवसभर हेच चाललं. ताराने दोनदा जेवायला हाक मारली, दोनदा ओरडून गेली, शेवटी ताट तिथेच आणून ठेवलं. झाकण परत बसलं. कपाटातली डबी बाहेर आली, आणि संध्याकाळी ती डबी आणि धाकूची जीभ यांचं एकमत व्हायला लागलं.

रविवारी गौरेश बादली आणि जाळी घेऊन आला. धाकू स्टुलावर बसला होता, डोळे तांबारलेले. त्याने एक दाणा पाण्यात टाकला. मासा कोपऱ्यातून निघाला, वाकडातिकडा वर आला, दाणा तोंडात धरला, थुंकला. पुन्हा धरला. गिळला.

"मामानू!" गौरेश ओरडला. "काय केलात?"

"चाळीस वर्सां केलंय त्याच्या उलट," धाकू म्हणाला. मग उठला, जावयाच्या हातातली बादली काढून घेतली आणि भिंतीशी ठेवली. "तू बस. आराम कर. माका काम आसा."

आणि पेला घेऊन तो विहिरीकडे गेला.