ताईने लॉगिन बसवलं

माझी ताई शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून निवृत्त झाली. स्वस्थ बसणं तिच्या स्वभावातच नाही. आजारी माणसांना वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची वापरायला द्यायचं काम तिने अंगावर घेतलं आणि साठाव्या वर्षी शिकून त्यासाठी वेबसाइटही केली. सगळं एकाच पानावर: कोणती वस्तू मोकळी, कोणती कोणाकडे. लिंक गल्लीभर फिरली. ताई खूश, मीही खूश.

मग गल्लीतल्या ड्रॉइंगच्या बाईंनी चाकाची खुर्ची परत पाठवली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्यांना दहाच दिवस झाले होते. बाई एकट्या राहतात आणि भारी मानी आहेत. पानावर त्यांचं नाव वाचून अर्धी गल्ली हळहळायला त्यांच्या दारात उभी राहिली होती. आता म्हणे त्या भिंत धरून चालत होत्या.

"पडल्या तर ते माझ्यामुळे," ताई म्हणाली, आणि त्या दिवशी धड जेवली नाही. कोणाचीही गोष्ट माझ्या पोटात राहत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या वेळी माझं काम त्या पानानेच परस्पर उरकलं होतं.

ताईने लॉगिन बसवायचं ठरवलं. आधी नाव आणि पासवर्ड, मगच यादी. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा मिळाली नाही. शेवटी तिने ऐटीत मला बोलावून माझ्या जुन्या, रडतखडत चालणाऱ्या फोनवर पान उघडायला लावलं. लॉगिनची चौकट आली खरी, पण त्याआधी क्षणभर सगळी नावं दिसून गेली.

"मला बाईंचं नाव दिसलं," मी म्हणालो.

ताई आधी माझ्यावरच उखडली, कारण तिच्या फोनवर तसं होत नव्हतं. मग तिने माझा फोन घेऊन पान पुन्हा उघडलं आणि तिलाही नावं दिसली. यादी फोनवर आधीच येऊन पोचत होती. चौकट तिला नुसती वरून झाकत होती. पुढचे चार दिवस खपून तिने ती तपासणी सर्व्हरवर नेली, म्हणजे यादी मुळात जिथे ठेवलेली असते तिथेच. आधी कोण ते सांगा, मग फक्त तुमच्यापुरतंच दिसेल. माझ्या मठ्ठ फोनचा मला फार अभिमान वाटला.

आम्ही दोघं बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन हाताने झाकून पासवर्ड टाकला आणि विचारलं, "हा तुम्हाला दिसतो का?"

"नाही. हे सगळं मी केलंय, तरी मलाही दिसत नाही," ताई म्हणाली.

बाईंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "खुर्ची पाठवून द्या."

ती न्यायचं काम माझ्यावर आलं. ताई जिन्यापर्यंत आली आणि माझ्याकडे रोखून पाहत राहिली. वळणावरच्या सलूनवाल्याने विचारलंच, खुर्ची कोणासाठी म्हणून. नाव अगदी जिभेवर आलं होतं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा मी ते गिळलं.

"माझ्यासाठीच. गुडघा धरलाय," असं सांगून मी त्याच्या नजरेआड होईपर्यंत लंगडत गेलो आणि मागच्या दाराने खुर्ची बाईंकडे पोचवली.

संध्याकाळी अर्धी गल्ली हळहळायला आमच्या दारात हजर होती. ताई एकेकाला आत घेत होती आणि गंभीर चेहऱ्याने सांगत होती, "हो, बराच दुखतोय त्याचा."