मरियामायचे निळे पाय

आमची प्रिस्का विद्यापीठाच्या कलादालनाची संचालक आहे असं सांगितलं की आमच्या पापडी गावात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे चित्रं काढते का?" अहो, नाही! दुसऱ्यांनी काढलेली लावते. मी तिची मोठी बहीण, बेला. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे एकच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायची मला सवय आहे.

सुरुवातीला ती नालासोपाऱ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मग कलादालनात मदतनीस झाली, आणि चढत चढत संचालकाच्या खुर्चीत बसली. पण खुर्चीत ती बसते कधी? हिचं सगळं काम लोकांच्या घरी. चहा प्यायचा, भिंती बघायच्या आणि विचारायचं, "याला हात कोण कोण लावतं?" हातांनी झिजलेली वस्तू दिसली की बाईसाहेब खूश. कुणाचा पोळपाट, कुणाच्या झोपाळ्याची कडी, कुणाच्या दाराची चौकट. "वस्तू कुणी बनवली ते सगळेच सांगतात," ती म्हणते, "ती कुणी वापरली तेही दिसायला हवं." विद्यापीठातल्या एका शहाण्याने तिच्या दालनाला भंगारवाल्याचं दुकान म्हटलं होतं. मी तिथे असते तर त्याला बाकावर उभा केला असता.

यंदा ती निवृत्त होणार. शेवटच्या प्रदर्शनात मधोमध लावायला तिने उमेळ्याच्या सालोमी मावशीची मरियामाय मागितली. मावशीचा नवरा गॉडफ्रे दुकानांच्या पाट्या रंगवायचा, त्याने फळीवर काढलेली. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. आळीत पोर तापलं की आई त्याला घेऊन यायची आणि मायच्या पायांना त्याचा हात लावायची. परीक्षा असो, आखातातली नोकरी असो, आधी मायचे पाय. हात लागून लागून पायांचा रंग उडाला आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. प्रिस्काचा जीव त्या लाकडावर. निमंत्रणपत्रिकेवरही त्याच पायांचा फोटो छापला होता.

आम्ही दोघी फळी आणायला गेलो. मावशीने मोठ्या कौतुकाने टॉवेल बाजूला केला.

पाय निळे! चक्क निळे!

"खिडकीचा रंग उरला होता," मावशी म्हणाली. "एवढी मोठी माणसं बघणार. तिला तशीच कशी पाठवू? लोक म्हणतील, सालोमीच्या घरी मायला रंगसुद्धा मिळत नाही."

माझं डोकं असं सणकलं! "अगं मावशी, काय करून ठेवलंस हे? तिच्या सगळ्या कामावर पाणी फिरवलंस!" प्रिस्काने माझा दंड धरला आणि मला बाहेर घेऊन गेली. विहिरीपाशी उभी राहून तिने चित्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, रंग ताजा आहे, आजच आणा, पुसून निघेल. तिचा चेहरा जरा निवळला. पण घरच्यांना विचारल्याशिवाय ती धूळसुद्धा पुसत नाही. आत येऊन मावशीच्या पायाशी बसली.

"मावशी, हा निळा रंग काढू का?"

मावशीचं तोंड एवढंसं झालं. "काढ बाई. तुला जास्त कळतं." मग हळूच म्हणाली, "बाहेर गेला का रंग? मोतीबिंदूमुळे मला दिसतं कुठे? बोटाने चाचपत गेले. लाकूड लागलं तिथे रंग दिला. गॉडफ्रेचा रंग हाताला लागला की थांबले. त्याच्यावर कसा लावू मी?"

प्रिस्काने फळी उजेडात धरली. मीही वाकले. मायच्या झग्याच्या काठापाशी निळा रंग थांबला होता. डाव्या अंगठ्यावर जास्त, टाचेकडे कमी. जिथे आळीतल्या पोरांचे हात पोचले होते, तिथे तिथेच निळं होतं. बाकी सगळा गॉडफ्रे जसाच्या तसा.

"नाही काढायचा," प्रिस्का कशीबशी बोलली. "ही अशीच लागेल." आणि मावशीच्या मांडीत डोकं खुपसून रडायला लागली, साठीला आलेली बाई!

मावशी घाबरली. तिचे केस कुरवाळत मला विचारते, "बेला, खरं सांग गं, एवढं वाईट दिसतंय का?"

मी काय सांगणार, कपाळ! मीही रडतच होते.